तरुणपणी जिवापाड आवडलेले प्रेमपट आज पुन्हा पाहताना

वेणाकाठ

हिंगणघाट तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधी नववी-दहावीच्या मुलामुलींना शाळेच्या प्रोजेक्टरवर एक चित्रपट दाखवायचा, आणि तो आपण शिक्षक तरुण होतो त्या काळातला, म्हणजे साधारण 1988 ते 2003 मधला असावा, असे आमच्या बैठकीत ठरले. जुन्या चित्रपटांची हौस असल्यामुळे निवड माझ्या गळ्यात पडली.

म्हणून मी ‘कयामत से कयामत तक’, ‘मैंने प्यार किया’, ‘दिल’ आणि ‘तेरे नाम’ पुन्हा पाहिले, आणि आता पंचाईत झाली आहे. ‘दिल’मध्ये नायिका नायकावर खोटा आळ घेते, तेव्हा तो तिला उचलून नेतो, अब्रू घेण्याची धमकी देतो, मनात आणले असते तर आपण काय करू शकलो असतो हे तिला दाखवून देतो आणि मग सोडून देतो. तिथून पुढे ती त्याच्या प्रेमात पडते. 1990 साली आम्ही मैत्रिणी हा प्रसंग पाहून आलो तेव्हा त्याने तिला हात लावला नाही याचेच कौतुक करत घरी पोचलो होतो. आता तोच प्रसंग पाहताना माझ्या वर्गातल्या मुली डोळ्यांसमोर येत होत्या आणि मी तो पुरता बघू शकले नाही.

हे चित्रपट आजच्या मुलांसमोर ठेवावेत का, ठेवायचेच असतील तर कोणता, आणि तुम्ही एखादा अलीकडे पुन्हा पाहिला असेल तर तुम्हाला त्यात काय दिसले, हे कृपया लिहावे. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ एवढेच उत्तर मात्र नको.

संत्राबाग

ताई, चौघांना एकाच दोरीने बांधू नका. ‘मैंने प्यार किया’ मी दरवर्षी पाहतो, आणि तो मला आजही तितकाच आवडतो. त्यातला नायक नायिकेवर जबरदस्ती करत नाही, तिच्या वडिलांच्या अटी मान्य करतो आणि आपल्या श्रीमंत बापाचे घर सोडून दगडाच्या खाणीत राबतो. हे आजच्या मुलांना दाखवण्यात काय वावगे आहे?

शिवाय आपण वैदर्भीयांनी तो चित्रपट आपला मानला पाहिजे. त्याचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. मूळ जोडी दोघांची होती, दादा कोंडके यांच्या चित्रपटांमुळे ती पुढे आली आणि 1976 मध्ये जोडीदार राम गेल्यानंतरही पाटलांनी दोघांचे नाव शेवटपर्यंत सोडले नाही. 2021 च्या मे महिन्यात त्यांचे नागपुरातच निधन झाले, तेव्हा आमच्या वरूडच्या बसस्थानकावर चहावाल्याने दिवसभर त्याच चित्रपटातली गाणी लावली होती.

धुऱ्यावर

संत्राबाग भाऊ, गाण्यांबद्दल वादच नाही. माझी तक्रार कबुतराबद्दल आहे. आमच्या गावात चिठ्ठी पोचवायला कबुतर नव्हते, माझा पुतण्या होता, आणि तो दोन्हीकडून बिस्किटाचे पुडे वसूल करून चिठ्ठी अखेर काकूच्या हातात नेऊन देत असे.

आता खाणीबद्दल. वडिलांची अट अशी होती की नायकाने महिनाभरात स्वतःच्या कष्टाने 2000 रुपये कमवून दाखवावेत. चित्रपट 1989 च्या डिसेंबरअखेरचा. त्या सुमारास आमच्याकडे निंदणाची रोजी दहा-बारा रुपये होती. म्हणजे अख्खा महिना एकही नागा न करता राबलेल्या बाईच्या हातात तीनशेसाठच्या वर काही पडत नसे. तेव्हा मला ही अट केवढी कठोर वाटली होती! आता वाटते, महिन्याला 2000 देणारी ती खाण कुठे आहे हे आमच्या वडिलांना कळले असते तर त्यांनी पऱ्हाटी सोडून तिकडेच मुक्काम केला असता. नायकाला एक महिना जे करून दाखवायचे होते ते आजूबाजूचे मजूर जन्मभर करत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही कुणी मुलगी दिली नाही.

पडद्यामागे

माझे मत जरा वेगळे आहे, आणि ते धंद्यातून आलेले आहे. 1987 पासून पुढे बारा-तेरा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत व्हिडिओ दाखवत असे. रंगीत टीव्ही, व्हीसीपी म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचे यंत्र, कॅसेटची पेटी आणि जनरेटर बंडीत टाकून न्यायचे, शाळेच्या पटांगणात किंवा एखाद्याच्या खळ्यात ताडपत्रीचा आडोसा करायचा आणि माणशी रुपया-दोन रुपये घ्यायचे. रात्रीत तीन चित्रपट कबूल केलेले असत, जनरेटरच्या डिझेलचा हिशेब ठरलेला असे, आणि पहाटे लोकांना वावरात जायचे असे. तीन चित्रपट म्हणजे आठ-नऊ तास. एवढी रात्र कुणाकडे आहे?

त्यामुळे मी कॅसेट पुढे पळवत असे. गाणी आणि मारामाऱ्या पूर्ण ठेवायच्या, विनोदी प्रसंग अर्धे ठेवायचे, आणि आई, बाप, मावशी, आत्या बोलायला लागल्या की बटण दाबायचे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये नायिकेची आई मुलीला सांगते, की बाईनेच प्रत्येक वेळी आपली इच्छा मारायची हे मला मान्य नव्हते, पण मी ते केले, आणि आता तुलाही तेच करायला सांगायला आले आहे. फरीदा जलाल यांनी ते फार चांगले केले आहे. मी कित्येक गावांत तो चित्रपट दाखवला, आणि तो प्रसंग एकाही गावाने पाहिला नाही. लोकांकडूनही कधी तक्रार आली नाही, उलट गाणे लवकर लागले म्हणून शिट्ट्याच पडत.

सांगायचे एवढेच, की आपल्या भागात पुष्कळांना आठवतो तो चित्रपट दिग्दर्शकाने केलेला नसून माझ्यासारख्या माणसाने डिझेलच्या हिशेबाने कापलेला आहे. आज मोबाइलवर तुम्ही पहिल्यांदाच तो सलग पाहता, आणि त्यात एवढी रडणारी माणसे आधीपासून होती हे बघून चकित होता.

वेणाकाठ

काका, तुमच्या या उत्तराने माझा एक गोंधळ मिटला. ‘कयामत से कयामत तक’ची सुरुवात मला अजिबात आठवत नव्हती. दोन घरांचे वैर सुरू होते ते एका मुलीमुळे. तिला दिवस जातात, ज्याच्यापासून गेले तो हात वर करतो, त्याचे घरचे तिच्या घरच्यांना अपमान करून हाकलतात, आणि ती जीव देते. मग तिचा भाऊ त्या मुलाला त्याच्याच लग्नात गोळी घालतो. या मुलीचे नाव मधुमती. पुढे अडीच तास लोक खानदानाच्या इज्जतीबद्दल बोलत राहतात, पण त्या मुलीला काय वाटले असेल हे कुणीच विचारत नाही. आमच्या गावी हा भाग पळवला गेला होता की मीच तो पाहून विसरले होते, हे आता सांगता येणार नाही.

मोहफूल

मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे, आरोग्य विभागात काम करते. ‘तेरे नाम’ 2003 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा मी अकरावीत होते. आमच्या गावातून आम्ही सहा मुली एसटीने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जात असू. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली तोपर्यंत फाट्यावरच्या प्रत्येक पोराचे केस मध्ये भांग पाडून कपाळावर आले होते. केसांवर आमचा काही आक्षेप नव्हता. पण त्या केसांसोबत एक वागणे आले. बस यायच्या आधी येऊन बसायचे, बस निघाली की मोटारसायकल मागे लावायची, मुलीने बघितले नाही तर ती लाजते आहे असे समजायचे आणि रागावली तर ती मनातून तयार आहे असे समजायचे. आमच्यातल्या एकीच्या मागे असा एक जण लागला. तिने घरी सांगितले. घरच्यांनी त्या मुलाला काही म्हटले नाही, तिचे कॉलेज बंद केले, आणि पंधरा दिवसांत आणखी तिघींचे बंद झाले. माझे चालू राहिले, कारण आमच्या वडिलांनी रोज फाट्यावर येऊन बसायला सुरुवात केली.

चित्रपटाने हे केले असे मी म्हणणार नाही, मुलींना घरी बसवणारे बाप त्याच्याही आधीपासून होते. पण हा चित्रपट पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट मला फार खटकली. नायक नायिकेला उचलून नेऊन तिच्यापुढे प्रेम व्यक्त करतो आणि ती त्याला होकार देते. शेवटी ती जीव देते, तर ते दुःखही त्याचेच म्हणून दाखवले जाते, रडायचे ते त्याच्यासाठी. आमच्या गावातल्या बायासुद्धा त्याच्यासाठीच रडल्या होत्या. मीही रडले होते.

संत्राबाग

मोहफूल ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण चित्रपटावर इतका भार टाकणे मला पटत नाही. आमच्या आजोबांच्या काळात चित्रपट नव्हते, तरी पाणवठ्यावर पोरे बसतच होती. वागणे घरात शिकले जाते. ज्या घरात बाप आईवर हात उगारतो त्या घरातला मुलगा कोणताही चित्रपट पाहून तेच शिकेल.

मोहफूल

पाणवठ्यावर बसणाऱ्याला आपण टवाळ आहोत हे माहीत असे, दादा. फाट्यावरच्याला आपण नायक आहोत असे वाटत होते. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

गावकामगार

मी पोलीस पाटील आहे, अमरावती जिल्ह्यात. पळून गेलेल्या जोडप्याच्या प्रकरणात गावातून पहिला फोन मलाच येतो, म्हणून लिहितो.

या सगळ्या चित्रपटांत पळून जाणे हा कळस असतो. माझ्याकडे प्रकरण त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर तिची संमती कायद्याला मान्य नाही, मग ती स्वतः ठाण्यात उभी राहून मी मर्जीने गेले असे कितीही सांगो. पूर्वी हे वय सोळा होते. 14 नोव्हेंबर 2012 पासून पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला आणि ते अठरा झाले. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आत जातो, त्याच्या आईबापाचे शेत वकिलाच्या फीसाठी गहाण पडते, आणि मुलीची शाळा तर सुटलेलीच असते. मी मुलीच्या बापाच्या बाजूने बोलतो आहे असे समजू नका. पुष्कळदा तक्रार देण्याचे खरे कारण वय नसून जात असते, आणि वय हे फक्त हाती लागलेले हत्यार असते.

मोहफूल ताईंनी लिहिलेला प्रकार, म्हणजे मुलीने नको म्हटल्यावरही तिचा पाठलाग करणे, हा 2013 मध्ये स्वतंत्र गुन्हा झाला. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचे कलम 354-ड होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 78 आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बाई, तुम्ही कोणताही चित्रपट दाखवा, पण त्यानंतर दहा मिनिटे हे मुलांना सांगा. सांगायला माणूस हवा असेल तर तुमच्या ठाण्यातून दामिनी पथकाला बोलावता येईल.

धुऱ्यावर

काका, अडीच तास प्रेमगीते ऐकवून शेवटी पोलीस उभे करायचे म्हणजे पोरे पुढच्या वर्षी चित्रपटाला येणारच नाहीत.

गावकामगार

येतील. तास बुडणार असेल तर पोरे कीर्तनालाही येतात.

निळी पहाट

एवढी चर्चा झाली, त्यात गावकामगार काकांनी जाता जाता केलेला एक उल्लेख सोडला तर जातीबद्दल कुणी बोलले नाही, आणि यात लोकांचा दोष नाही, कारण या चित्रपटांतच ती नाही. जरा आठवून पाहा. ‘मैंने प्यार किया’मधला अडसर पैशाचा. ‘दिल’मधलाही पैशाचाच. ‘एक दूजे के लिए’ 1981 चा, त्यात भाषेचा. ‘कयामत से कयामत तक’मध्ये दोन्ही घरे ठाकुरांचीच, अडसर वैराचा. आमच्या वस्तीतल्या मुलांनी हे सारे चित्रपट मन लावून पाहिले, नायकासारखे शर्ट शिवून घेतले, पण आपल्या गावात आपण कुणाच्या घरासमोरून जाताना मान वर करायची नाही, हे कोणत्याही नायकाला कधी शिकावे लागले नाही.

फिरत्या टॉकीजचा तंबू गावात आला की तिकिटाला पैसे नसलेली आमच्याकडची पोरे मागच्या बाजूने कनात वर करून पडद्याच्या पाठीमागे बसत. तिथून चित्र दिसते, फक्त उलटे. नावे उलटी, नायक डावखुरा, गाडीचे चाक पलीकडे. माझे मोठे भाऊ बरीच वर्षे असेच चित्रपट पाहत आले. पुढे अमरावतीला थिएटरात पैसे देऊन बसले तेव्हा त्यांना आपला आवडता नट उजव्या हाताने ठोसा मारतो हे पाहून फार आश्चर्य वाटले होते.

2014 मध्ये ‘फँड्री’ आला तेव्हा ते भाऊ पन्नाशीकडे झुकले होते. एका शाळकरी मुलाला वरच्या जातीची मुलगी आवडते, एवढीच त्यातली प्रेमकथा, ती मुलगी त्याच्याशी धड बोलतही नाही. शेवटी तो मुलगा पडद्यातून आपल्या, म्हणजे बघणाऱ्यांच्याच, दिशेने दगड भिरकावतो. भाऊ म्हणाले, हा चित्रपट मला पंधराव्या वर्षी दाखवायला पाहिजे होता. मला वाटते, बाई, तुम्ही 2003 ची अट सोडून द्यावी.

शेवटचा बाक

मी एकोणीस वर्षांची आहे, नागपूरला शिकते, गाव भंडारा जिल्ह्यात. वरची सगळी उत्तरे वाचली. तुम्ही सगळे मोठी माणसे आम्हाला काय दाखवावे यावर विचार करता आहात, पण आम्ही हे सगळे आधीच पाहिलेले आहे, तेही तुकड्यांत. ‘तेरे नाम’मधल्या रडण्यावर आमच्या वर्गात विनोदी चित्रफिती फिरत असत. ‘रहना है तेरे दिल में’ आमच्या ताईला फार आवडतो. त्यात नायक दुसऱ्याच माणसाचे नाव सांगून मुलीच्या घरात शिरतो, हे मी तिला दाखवले तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

‘सैराट’ 2016 मध्ये आला तेव्हा मी लहान होते आणि सगळे घर तो पाहायला भंडाऱ्याला गेले होते. मला त्यातली बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी मुलगी आवडली. त्याआधीच्या तुमच्या चित्रपटांतली एकही मुलगी काही चालवताना मला दिसत नाही. घरी परतताना माझे काका आईला म्हणाले, शेवट बरोबर केला, पोरींना धडा मिळेल. तो शेवट काकांसारख्यांना लाज वाटावी म्हणून केला होता असे मला वाटते, पण त्यांनी तो धमकी म्हणून घरी आणला. त्यामुळे चांगला चित्रपट दाखवला की काम झाले असेही समजू नका.

वेणाकाठ

बाळ, तुझ्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडले आहे, उत्तर अजून सापडलेले नाही.

निळी पहाट, ‘फँड्री’ मलाही दाखवायचा आहे, आणि तो मी दाखवणार, पण या वेळी नाही. आमच्या वर्गात त्या मुलासारखी परिस्थिती असलेली दोन-तीन मुले आहेत. प्रेमपटाच्या करमणुकीला म्हणून सगळ्यांना बसवायचे आणि अचानक तो प्रसंग लावायचा, तर बाकीची मुले त्या दोघा-तिघांकडे वळून बघतील. त्याची तयारी आधी करावी लागेल.

सध्या माझा कल ‘जो जीता वही सिकंदर’कडे आहे. 1992 चा आहे, म्हणजे अटीतही बसतो. श्रीमंतांच्या कॉलेजातली पोरे गावातल्या पोरांना हिणवतात, शेवटी सायकलची शर्यत होते, थोरल्या भावाला दरीत ढकलले जाते आणि बेफिकीर धाकटा त्याच्या जागी उतरतो. आमची अर्धी शाळा सायकलने येते, त्यांना हे कळेल. प्रेम त्यात आहे, पण पाठलाग नाही. मला त्यात आता खटकली ती अंजली. वडिलांच्या गॅरेजात ती सगळी कामे करते, नायकाच्या तयारीत सोबत राबते, तो दुसरीच्या मागे फिरतो तोवर मुकाट्याने वाट बघते. तिला स्वतःला काय व्हायचे आहे हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. पण हे खटकणे मुलांशी बोलता येण्यासारखे आहे, ‘दिल’मधले तसे नाही.

संत्राबाग

निवड चांगली आहे, माझा विरोध नाही. मात्र ‘मैंने प्यार किया’ला तुम्ही ‘दिल’ आणि ‘तेरे नाम’ यांच्या पंगतीत बसवले ते मला अजून मान्य नाही, आणि धुऱ्यावर भाऊंच्या रोजीच्या हिशेबानेही मान्य होणार नाही.

मोहफूल

बाई, मुलांच्या आयांनाही बोलवता येईल का? आमच्या वयाच्या बायांनी हे चित्रपट एकतर लपून पाहिले किंवा पडवीत उभ्या राहून तुकड्या-तुकड्याने पाहिले. मुलीच्या शेजारी बसून त्या काय बोलतात हे ऐकण्यासारखे असेल.

वेणाकाठ

बोलवायला आवडेल, पण तेव्हा सोयाबीन निघालेले असते आणि कापसाची वेचणी सुरू होत असते, दिवसा एकही आई मोकळी सापडणार नाही. संध्याकाळी ठेवला तर बाहेरगावच्या मुलींचा प्रश्न येतो. मुलींना शाळेत ने-आण करणारी मानव विकासची निळी बस पाचला निघते, तिच्यानंतर त्या बाजूला काही जात नाही, आणि चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे.

पडद्यामागे

मग दोन भागांत दाखवा. मध्यंतरापर्यंतचा शुक्रवारी दुपारी, उरलेला शनिवारी. शनिवारची शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटली की लगेच लावा, तेव्हा वेचणीतून जेवायला घरी आलेल्या काही बाया तरी येऊन जातील. प्रोजेक्टरचा स्वतःचा भोंगा अगदी किरकोळ असतो, त्याच्यावर विसंबू नका, भजनी मंडळाचा स्पीकर मागून घ्या. खिडक्यांना काळा कागद किंवा खताची रिकामी पोती लावा, नाहीतर दुपारच्या उजेडात नुसता आवाजच येईल. आणि शुक्रवारी लाइट गेली तर चित्रपट पळवून संपवायच्या भानगडीत पडू नका, जिथे थांबला तिथून शनिवारी सुरू करा.